हाड जुळावं की जुळू नये

मान डोलावून आपण हो म्हणतो, मान हलवून नाही म्हणतो, आणि या दोन्ही कामांत मानेच्या मणक्यांमधल्या गाद्यांचा वाटा अगदी थोडा असतो. होकार मुख्यतः घडतो तो कवटी आणि पहिला मणका यांच्या सांध्यात; नकार घडतो पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यात. या दोन्ही ठिकाणी गादी नसतेच. म्हणून मानेत मणके ७ असले तरी गाद्या ६. सगळ्यात वरची दुसऱ्या-तिसऱ्या मणक्यामध्ये, सगळ्यात खालची मानेचा सातवा आणि पाठीचा पहिला यांच्यामध्ये. बिघडतात त्या बहुतेक वेळा खालच्या भागातल्या दोन: पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली आणि सहाव्या-सातव्यांमधली. रिपोर्टात त्यांना सी ५-६ आणि सी ६-७ लिहिलेलं असतं.

हे आधी सांगायचं कारण असं की 'फ्यूजन', म्हणजे बिघडलेली गादी काढून तिथले दोन मणके कायमचे जोडणं, हा शब्द कानावर पडला की डोळ्यांसमोर येते ती पुतळ्यासारखी ताठ मान. तसं होत नाही. मान वळवण्याचं जवळजवळ निम्मं काम पहिल्या-दुसऱ्या मणक्यातच उरकतं. सी ५-६ ला पुढे-मागे वाकण्याची निरोगी क्षमता साधारण १५ ते २० अंश, आणि ज्याच्यावर शस्त्रक्रियेची वेळ आली आहे त्याची ती जागा बहुधा आधीच आखडलेली असते. एक लेव्हल, म्हणजे एका गादीची जागा, कायमची बंद केली तर रोजच्या व्यवहारात बहुतेकांना पत्ताही लागत नाही. दोन बंद झाल्या तर वर बघताना, गाडी मागे घेताना थोडं जाणवतं. तीन झाल्या तर नक्की जाणवतं. तेव्हा फ्यूजनऐवजी गादीच्या जागी हलता सांधा बसवायचा, त्या कृत्रिम डिस्कच्या बाजूने 'हालचाल टिकते' असं जे सांगितलं जातं, त्यातला खरा मुद्दा आजच्या हालचालीचा नाहीच. तो शेजारच्या गाद्यांच्या पुढच्या दहा-वीस वर्षांचा आहे. त्याकडे येऊच.

'गादी सरकली' असं आपण सहज म्हणतो. गादी सरकत नाही. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते. होतं असं, की तिच्या बाहेरच्या तंतुमय कड्याला चीर पडते आणि आतला मऊ गाभा त्या चिरेतून मागे फुगतो किंवा बाहेर येतो. मागे असतो मज्जारज्जू, आणि मागे-बाजूला नसा बाहेर पडण्याची छिद्रं. दुसरा प्रकार हळू चालणारा: गादी वर्षानुवर्षं सुकते, बसते, मणक्यांच्या कडांना हाडाचे काटे वाढतात आणि ते काटेच नसेला टोचू लागतात. पहिल्या प्रकाराला डॉक्टर सॉफ्ट डिस्क म्हणतात, दुसऱ्याला हार्ड डिस्क. हा फरक लक्षात ठेवावा, कारण कृत्रिम डिस्क की फ्यूजन या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात असतं.

नस कुठली दबली ते बोटं सांगतात. सी ५-६ ला सहावी नस दबते: अंगठा आणि तर्जनी बधिर, मनगट वर उचलताना जोर कमी. सी ६-७ ला सातवी: मधलं बोट बधिर, आणि हात सरळ करताना, म्हणजे काही ढकलताना, दंडामागचा स्नायू दगा देतो. मान मागे करून दुखऱ्या बाजूला कलवली की कळ हातात उतरते. उलट तळहात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, कारण नसेवरचा ताण सैल होतो. दुखऱ्या हाताचा पंजा डोक्यावर ठेवून बसलेला माणूस दिसला की अनुभवी डॉक्टर निम्मं निदान दारातच करतात.

अशा हाताच्या दुखण्यातली बहुतेक दुखणी शस्त्रक्रियेविना ६ ते १२ आठवड्यांत निवळतात. बाहेर आलेला मऊ गाभा शरीर हळूहळू शोषून घेतं, नसेभोवतीची सूज उतरते. हा काळ गोळ्या, व्यायाम आणि धीर यांवर काढता आला तर काढावा. मात्र दोन प्रसंगांत वाट बघू नये. एक, हाताचा जोर आठवड्या-आठवड्याला कमी होत असेल तर. दुसरा प्रसंग जास्त फसवा, कारण तो दुखत नाही. मज्जारज्जूच दाबला जात असेल तर शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागतो, अक्षर बिघडतं, किल्ली कुलपात नीट जात नाही, अंधारात चालताना झोक जातो, लघवीची घाई होते. लोक हे वयावर ढकलतात. इथे शस्त्रक्रियेचा पहिला हेतू असतो घसरण थांबवणं. गेलेलं सगळं परत येईलच याची खात्री नसते, आणि जितका उशीर तितकं कमी परत येतं.

आणखी एक गोष्ट, जी रुग्णाला ऐकायला आवडत नाही. हाताला काहीच नाही, नुसती मानच दुखते, तर त्यासाठी फ्यूजन आणि कृत्रिम डिस्क यांपैकी कुठलीही शस्त्रक्रिया भरवशाची नाही. एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसते, हे खरं. पण जपानमध्ये कुठलाही त्रास नसलेल्या १,२११ धडधाकट लोकांचे मानेचे एमआरआय केले, तेव्हा त्यांतल्या ८७.६ टक्के लोकांची गादी फुगलेलीच होती. २०१५ साली तो अभ्यास छापून आला. चित्रातली गादी आणि हातातली कळ यांचा मेळ बसला पाहिजे: बाजू तीच, नस तीच, लक्षणंही तीच. मेळ बसत नसेल तर चित्रावर शस्त्रक्रिया करण्यात अर्थ नाही.

आता समजा, मेळ बसला, तीन महिने गेले आणि कळ हटत नाही. इथे रुग्ण विचारतो, 'डिस्क बसवायची की फ्यूजन करायचं?' प्रश्न चुकीचा नाही, पण क्रम उलटा आहे. हाताची कळ जाते ती नस मोकळी झाल्यामुळे. ते काम दोन्ही शस्त्रक्रियांत सारखंच, आणि तेच मुख्य. गादी काढल्यावर जी पोकळी उरते तिचं काय करायचं, एवढाच वाद आहे.

काम चालतं ते समोरून, गळ्याकडून. रुग्ण उताणा, पूर्ण भूल. गळ्याच्या आडव्या सुरकुतीत ३ ते ४ सेंटिमीटरचा छेद. त्वचेखालचा पातळ स्नायू उघडला की पुढे फारसं कापावं लागत नाही, वाट करत जायचं असतं: एका बाजूला मानेची मोठी रक्तवाहिनी, दुसऱ्या बाजूला श्वासनलिका आणि अन्ननलिका, मधून बोटाने मऊ पडदे सारत थेट मणक्यांपर्यंत. मागच्या बाजूने गेलं तर वाटेत मज्जारज्जू आडवा येतो. समोरून तसं होत नाही. ही वाट १९५० च्या दशकात अमेरिकेत रॉबिन्सन आणि स्मिथ यांनी घालून दिली, त्याच सुमारास क्लोवर्ड यांनी आपली वेगळी पद्धत मांडली, आणि आजही जगभर याच वाटेने जातात.

मणके दिसले तरी हा पाचवा की सहावा, ते डोळ्यांना कळत नाही. सुई टोचून एक्स-रे घ्यावा लागतो. या सुईची गंमत बघा. खोल घुसू नये म्हणून तिला टोकाजवळ दुहेरी वाकवतात. आणि ती चुकून शेजारच्या चांगल्या गादीत गेली, तर त्या गादीचा ऱ्हास पुढे जास्त वेगाने झालेला आढळला आहे. म्हणून जपून काम करणारे सर्जन गादीऐवजी मणक्याच्या हाडावर खूण करतात.

मग मणक्यांत एकेक पिन बसवून फट थोडी ताणली जाते, मायक्रोस्कोप समोर येतो आणि गादी तुकड्यातुकड्यांनी निघते. पुढचा भाग पटकन निघतो. खरं काम शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये: मागच्या कडेचे काटे बारीक ड्रिलने पातळ करायचे, मग केरिसन नावाच्या चिमट्यासारख्या हत्याराने चिमूट-चिमूट कुरतडायचे, मणक्यांना मागून बांधणारी अस्थिबंधाची पट्टी उघडायची, बाहेर पडलेला गाभ्याचा तुकडा ओढून काढायचा आणि नस छिद्रात शिरते तिथपर्यंत तिचा माग काढायचा. बोथट हूक नसेच्या कडेने अलगद सरकला की नस मोकळी झाली.

इथपर्यंत दोन्ही शस्त्रक्रिया जवळजवळ सारख्या. आता समोर एक रिकामी फट आहे, ५ ते ८ मिलिमीटर उंचीची, वर-खाली हाडाचे दोन पृष्ठभाग. इथून पुढे दोन्हींचा स्वभाव उलटा होतो.

फ्यूजनमध्ये या दोन हाडांनी एकमेकांना धरावं अशी इच्छा असते. म्हणून पृष्ठभागावरची कूर्चा खरवडून काढतात, हाडातून रक्ताचे बारीक ठिपके दिसेपर्यंत. फार खरवडलं तर त्याखालचा कडक थर फुटतो आणि आत बसवलेला केज, म्हणजे फटीला आधार देणारी पोकळ डबी, लोण्यात चमचा रुतावा तसा मणक्यात रुततो. ड्रिल चालवताना जमलेला हाडाचा भुगा फेकत नाहीत. गोळा करून केजच्या पोटात ठासून भरतात, कारण त्यातूनच नवं हाड धरतं. केज पीक नावाच्या प्लॅस्टिकचा किंवा टायटॅनियमचा. पूर्वी त्याऐवजी कमरेच्या हाडाचा तुकडा काढून बसवत; तो उत्तम जुळे, पण मानेचं दुखणं विसरलं तरी कमरेचं महिनोन्महिने राही, म्हणून ती पद्धत मागे पडली. केजवर समोरून प्लेट आणि साधारण चार स्क्रू. काही केजमध्ये स्क्रू आतूनच जातात, प्लेट लागत नाही. पुढचं काम हाडाचं. त्याला ३ महिन्यांपासून वर्षापर्यंत वेळ लागतो.

कृत्रिम डिस्कमध्ये याच्या बरोबर उलट. तोच भुगा इथे शत्रू. फटीत किंवा आजूबाजूच्या स्नायूंत राहिला तर तिथे हाड धरू लागेल, म्हणून सलाईनने पुन्हा पुन्हा धुऊन काढतात. हाडाचा जो कच्चा भाग उघडा पडला असेल त्यावर मेण चोळतात. कडक थराला शक्यतो धक्का लावत नाहीत. आणि काटे काढण्याच्या बाबतीत तडजोड चालत नाही. फ्यूजनमध्ये एखादा बारीक काटा राहिला तरी हालचालच थांबणार असल्याने तो बहुधा पुन्हा त्रास देत नाही. डिस्कमध्ये सांधा हलत राहणार, म्हणजे राहिलेला काटा नसेवर घासत राहणार. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या नसा मोकळ्या कराव्या लागतात, दुसऱ्या हाताला काहीच त्रास नसला तरी.

मग मध्यरेषा. केज दोन मिलिमीटर डावीकडे बसला तर फारसं बिघडत नाही. डिस्क तशी बसली तर मागच्या दोन फॅसेट सांध्यांवर, म्हणजे मणक्यांना मागून जोडणाऱ्या छोट्या सांध्यांवर, असमान भार येतो, आणि तो सांधा वर्षानुवर्षं तसाच चालणार. उंचीचंही तसंच. 'थोडी मोठी बसवू, घट्ट बसेल' हा मोह फ्यूजनच्या सवयीतून येतो. डिस्क जास्त उंच बसवली की मागचे सांधे ताणून उघडे पडतात, खांद्याच्या पात्यांमध्ये दुखत राहतं, आणि ज्या हालचालीसाठी हा सगळा खटाटोप केला तीच कमी होते. तळ लहान घेतला तर डिस्क रुतते, आणि उघड्या राहिलेल्या कडेवर हाड चढतं. म्हणून आधी नमुन्याची मापं एकेक घालून बघतात, समोरून आणि बाजूने एक्स-रे घेतात, आणि मगच खरी डिस्क ठोकतात. फ्यूजन चांगलं करणारा प्रत्येक सर्जन डिस्क चांगली बसवतोच असं नाही. फ्यूजन चुका पोटात घालतं, डिस्क घालत नाही.

डिस्कचा इतिहासही असाच चुकांमधून गेलेला आहे. १९६० च्या दशकात स्वीडनमधल्या फर्नस्ट्रॉम यांनी फटीत चक्क पोलादी गोळे ठेवून पाहिले. कल्पना सोपी होती: गोळा फिरेल, मणका हलेल. गोळे हाडात रुतले. त्यानंतर विषय बराच काळ थंड पडला. १९८० च्या दशकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये ब्रिस्टल इथे कमिन्स यांनी पोलादाचा दोन तुकड्यांचा सांधा बसवायला सुरुवात केली. पहिल्या २० रुग्णांची हकिकत १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. त्याच वंशातली प्रेस्टीज डिस्क आणि पाठोपाठ प्रोडिस्क-सी यांना अमेरिकेत २००७ मध्ये मान्यता मिळाली. २०१३ मध्ये मोबी-सी ही तिथे लागोपाठच्या दोन लेव्हलसाठी मान्य झालेली पहिली डिस्क ठरली.

आजच्या डिस्क ढोबळमानाने तीन स्वभावांच्या. काही गोळा-वाटीसारख्या, ठरलेल्या केंद्राभोवती फिरणाऱ्या. काहींचा मधला तुकडा थोडा सरकणारा, कारण खरा मणका वाकताना नुसता फिरत नाही, एक-दोन मिलिमीटर पुढेही सरकतो. काही रबरासारख्या दबणाऱ्या. साहित्य कोबाल्ट-क्रोम, टायटॅनियम, सिरॅमिक, पॉलिएथिलीन. कोबाल्ट-क्रोमची डिस्क पुढच्या एमआरआयमध्ये आजूबाजूचा भाग काळवंडून टाकते. टायटॅनियम त्या मानाने सुसह्य. पुढे शेजारच्या लेव्हलला त्रास झाला आणि चित्रच नीट दिसेना, तर पंचाईत होते. निकेलची ॲलर्जी असेल, नकली दागिन्यांनी अंगावर पुरळ येत असेल, तर ते शस्त्रक्रियेआधी आवर्जून सांगावं.

डिस्क कोणाला चालत नाही, याची यादी कोणाला चालते यापेक्षा लांब आहे. हाडं ठिसूळ असतील तर नाही, कारण ती डिस्कखाली दबतील. मागचे फॅसेट सांधे झिजले असतील तर नाही. डिस्क फक्त समोरचा सांधा बदलते, आणि हलत राहिलेला झिजका सांधा दुखत राहतो. फट जवळजवळ बुजली असेल, दोन मणके काट्यांनी जोडले जाऊन २ अंशही हलत नसतील, तर हालचाल टिकवायची कसली, ती उरलेलीच नसते. मणका पुढे-मागे ३.५ मिलिमीटरहून जास्त सरकत असेल तर नाही, कारण डिस्क ढिल्या सांध्याला आवरत नाही. मान पुढच्या बाजूला वाकडी झाली असेल, मागची पट्टी हाडाची झाली असेल, पूर्वी जंतुसंसर्ग होऊन गेला असेल, तरीही नाही. उरतो तो साधारण तरुण किंवा मध्यमवयीन माणूस, सॉफ्ट डिस्कचा, एका किंवा दोन लेव्हलचा, मागचे सांधे चांगले असलेला. त्याच्यासाठी डिस्क हा खरोखर चांगला पर्याय आहे. हार्ड डिस्कच्या सत्तरीतल्या माणसाला 'नवं तंत्रज्ञान' म्हणून डिस्क देणं मला पटत नाही.

आता शेजारच्या गाद्यांकडे. एक लेव्हल बंद केली की तिच्या वरच्या-खालच्या गाद्यांवर जास्त हालचाल आणि दाब येतो, हे प्रयोगशाळेत मोजलेलं आहे. अमेरिकी सर्जन हिलिब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ३७४ रुग्णांचा हिशेब मांडला: फ्यूजननंतर शेजारच्या जागी नव्याने त्रास सुरू होण्याचं प्रमाण वर्षाला सरासरी २.९ टक्के, आणि १० वर्षांत साधारण चौघांतल्या एकाला, २५.६ टक्के. हा आकडा डिस्कच्या बाजूने हमखास पुढे केला जातो. त्याच अभ्यासातली दुसरी ओळ मात्र कमी सांगितली जाते: एकाहून जास्त लेव्हल बंद केलेल्यांना शेजारचा त्रास कमी झाला होता. दोष नुसता ताणाचा असता तर उलटं व्हायला हवं होतं. पण सी ५-६ आणि सी ६-७ या मुळातच लवकर झिजणाऱ्या जागा आहेत. दोन्ही बंद झाल्या की झिजायला शेजारी उरतात ते तुलनेने दणकट. एकच बंद केली तर दुसरी तिच्या वयानुसार झिजतेच, आणि आळ फ्यूजनवर येतो. खरं बहुधा दोन्हींच्या मधे आहे. शिवाय सर्जनच्या हाताचाही वाटा असतो: प्लेटची कड शेजारच्या गादीपासून ५ मिलिमीटरच्या आत आली तर त्या गादीसमोर हाड चढण्याचं प्रमाण वाढतं. आखूड प्लेट निवडणं एवढाच त्यावर उपाय.

डिस्कच्या मोठ्या चाचण्या काय सांगतात? मोबी-सीच्या अमेरिकी चाचणीत ७ वर्षांनंतर पुन्हा शस्त्रक्रिया लागली ती एका लेव्हलला डिस्कवाल्यांपैकी ३ टक्क्यांना आणि फ्यूजनवाल्यांपैकी १२.३ टक्क्यांना, दोन लेव्हलला ४.४ आणि १६.२ टक्क्यांना. फरक ठसठशीत आहे, विशेषतः दोन लेव्हलचा. पण या चाचण्यांत शस्त्रक्रियेनंतर कोणाला काय बसवलंय ते सगळ्यांना माहीत होतं. नवी डिस्क मिळावी म्हणून नाव नोंदवलेल्या आणि वाट्याला फ्यूजन आलेल्या माणसाच्या मनात थोडी खट्टू भावना राहते. तो दुखण्याची तक्रार लवकर करतो, आणि सर्जनही फ्यूजनवर पुन्हा हात घालायला लवकर तयार होतो. न जुळलेलं हाड, सैल स्क्रू, हे तर फ्यूजनच्याच खात्यात येणार.

म्हणून नेदरलँड्समधली चाचणी महत्त्वाची. तिथे रुग्णाला आत काय आहे ते सांगितलंच नव्हतं. तीन गट होते: डिस्क, केज, आणि तिसरा गट असा की गादी काढली आणि पोकळी तशीच सोडून दिली. दोन वर्षांनी मानेच्या त्रासाच्या प्रश्नावलीत तिन्ही गट सारखेच. शेजारच्या गाद्यांची झीजही सारखीच. नॉर्वेतल्या १३६ रुग्णांच्या चाचणीतही दोन वर्षांनी फरक दिसला नाही. दोन वर्षं शेजारच्या झिजेसाठी थोडी, हे मान्य. पण काहीच न भरलेल्या गटालाही तेवढंच बरं वाटलं, यावरून आराम कशामुळे येतो ते उघड होतं.

याच ओघात तिसरी वाट सांगायला हवी, कारण ती अनेकदा सांगितलीच जात नाही. गाभ्याचा तुकडा बाजूला, छिद्रातच अडकला असेल आणि मज्जारज्जूवर दाब नसेल, तर मागून छोट्या छेदातून छिद्राचं थोडं छप्पर कापून नस मोकळी करता येते. गादी जागेवर, आत काहीही बसवायचं नाही. मागचे स्नायू काही दिवस जास्त दुखतात. फॅसेट सांध्याचा निम्म्याहून जास्त भाग कापला गेला तर सांधा ढिला पडतो, म्हणून हात आवरता असावा लागतो.

बिघडतं काय? समोरून जाणाऱ्या दोन्ही शस्त्रक्रियांत गिळायला त्रास होतो, कारण अन्ननलिका तासभर बाजूला ओढून धरलेली असते. पहिले काही दिवस हा त्रास बहुतेकांना थोडाफार असतो, काही आठवड्यांत जातो. मोजक्यांना महिनोन्महिने राहतो. स्वरयंत्राची नस ताणली गेली तर आवाज घोगरा होतो, तोही बहुधा परत येतो. पूर्वी गळ्यावर शस्त्रक्रिया झाली असेल तर स्वरतंतू हलतात का ते आधी तपासून घ्यावं. एका बाजूचा तंतू आधीच बंद असेल आणि दुसऱ्या बाजूने जाऊन तोही दुखावला, तर श्वासच अडेल. सगळ्यात वाईट म्हणजे जखमेत रक्त साठणं. ते बहुतेक पहिल्या दिवसातच होतं. गळा फुगतो, आवाज बदलतो, आडवं पडवत नाही, माणूस बेचैन होतो. अशा वेळी सोनोग्राफीची वाट बघत बसायचं नसतं. पलंगावरच टाके उघडून रक्त बाहेर काढायचं असतं. नातेवाइकांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी पुरे: शस्त्रक्रियेच्या रात्री रुग्ण उठून बसू पाहत असेल आणि 'घुसमटतंय' म्हणत असेल, तर त्याला झोपवायचा आग्रह न करता लगेच नर्सला हाक मारायची.

फ्यूजनची स्वतःची अडचण म्हणजे हाड न जुळणं. एका लेव्हलला हे कमी होतं, लेव्हल वाढल्या की वाढत जातं, आणि तंबाखू-सिगारेट त्यात मोठी भर घालतात. निकोटीन हाडाकडे येणारं रक्त आवळतं. शस्त्रक्रियेआधी महिनाभर आणि नंतर हाड जुळेपर्यंत ते बंद हवं. हाड लवकर धरावं म्हणून वापरायच्या बीएमपी या प्रथिनाबाबत अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये इशारा दिला होता: मानेत समोरून वापरल्यास गळ्याला जीवघेणी सूज येऊ शकते.

डिस्कची स्वतःची अडचण म्हणजे नको तिथे हाड चढणं. त्याच्या शून्य ते चार अशा पायऱ्या आहेत. चौथीला डिस्कभोवती हाडाचा पूल पूर्ण होतो आणि सांधा बंद पडतो. म्हणजे महागामोलाची हलती डिस्क बसवून शेवटी फ्यूजनच झालं. विचित्र वाटेल, पण हाताची कळ गेलेली असेल तर रुग्णाला यात काहीच जाणवत नाही. जास्त काळजीची गोष्ट प्लॅस्टिकच्या झिजेची. खुब्याच्या कृत्रिम सांध्यात होतं तसं, झिजेचे सूक्ष्म कण आजूबाजूचं हाड खाऊ शकतात. हे वर्षांनंतर दिसतं, म्हणून डिस्क बसवलेल्या माणसाने बरं वाटतंय म्हणून एक्स-रे बंद करू नयेत.

घरी सोडताना दिलेल्या कागदावर दोघांना सांगितलेल्या गोष्टी पुष्कळशा सारख्या: पहिले काही आठवडे जड उचलायचं नाही, रोज चालायचं, जखम कोरडी ठेवायची. मानेचा पट्टा अनेक सर्जन हल्ली देतच नाहीत, किंवा थोडे दिवस देतात. फरक असतो गोळ्यांच्या ओळीत. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या सूज उतरवणाऱ्या गोळ्या हाडाची वाढ रोखतात, असा समज आहे. म्हणून डिस्कवाल्याला अनेक सर्जन त्या दोन आठवडे मुद्दाम देतात, आणि फ्यूजनवाल्याला काही आठवडे हातही लावू नका म्हणतात. शेजारच्या पलंगावरच्या रुग्णाची गोळी 'तुम्हालाही तेच झालंय ना' म्हणून घेऊ नये, ती इथे.

पुढे दोघेही तपासणीला येतात: ६ आठवडे, ३ महिने, ६ महिने, वर्ष. एक्स-रेच्या फळीपुढे दोघांनाही तेच सांगतात: हनुवटी छातीला लावा, श्वास धरा, आता वर बघा, श्वास धरा. मग दोन्ही चित्रं पडद्यावर शेजारी शेजारी लावून, मोठी करून, मणक्यांच्या मागच्या टोकांमधलं अंतर मोजतात. दोन चित्रांत ते १ मिलिमीटरपेक्षा कमी बदललं असेल, तर फ्यूजनवाल्याच्या कागदावर 'हाड जुळलं' असं लिहून पुढच्या तारखा थांबवतात. डिस्कवाल्याच्या चित्रांत तेवढाच बदल दिसला, तर सीटी काढायला सांगतात.